कोकण किनाऱ्यावर अस्वल नाही, मग कॅमेरा कशावर रोखायचा?

सड्यावरचा (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. सध्या अलास्काच्या किनाऱ्यावरच्या अस्वलांचे व्हिडिओ बघायचं व्यसन लागलंय. ओहोटीला अस्वलं खाली उतरतात, पंजाने वाळू उकरून शिंपले काढतात, मागे बर्फाचे डोंगर आणि फोटोवाले तिथेच वाळूत बसलेले. बायको म्हणाली, "तिकडे जायचं तर घर विकावं लागेल. त्यापेक्षा गावाला का जात नाही? समुद्र तिथेही आहे." मुद्दा रास्त आहे.

गाव गुहागरजवळ, नोकरी पुण्यात. कॅमेरा क्रॉप (म्हणजे छोट्या) सेन्सरचा, लेन्स ७०-३०० मिलिमीटरची. दिवाळी ते शिमगा या काळात गावी जाणं होतंच. तर विचारायचं असं, की आपल्या किनाऱ्यावर रानटी प्राणी-पक्षी म्हणून नेमकं काय टिपता येईल, कुठे जावं, आणि ३०० वर भागेल की १५०-६०० साठी पैसे साठवायला लागू? पक्ष्यांत मी अगदी कच्चा आहे. पांढरा दिसला की बगळा, बगळा नसेल तर सीगल, एवढीच अक्कल.

आणि हो, कोकणात अस्वल आहे का हो? आजोबा सांगायचे. आम्हाला वाटायचं, पोरांनी लवकर झोपावं म्हणून सांगतात.

चिखल्या

आजोबा खरंच सांगत होते, फक्त ते किनाऱ्यावरचं नव्हे. आपलं अस्वल घाटाचं आणि घाटाच्या पायथ्याचं. तिलारी-दोडामार्ग, आंबोली, वर कोयना-चांदोली. वाळवी, मुंग्या, मध आणि रानातली फळं यांवर त्याचं पोट चालतं, समुद्राशी त्याला काही देणंघेणं नाही. पायी फिरून त्याचे फोटो काढायचा विचार मनातही आणू नका. नजर अधू असते, माणूस अचानक पुढ्यात आला की पळून जाण्याऐवजी अंगावर येतं, आणि पहिला वार चेहऱ्यावर करतं. सिंधुदुर्गात बागेत-रानात गेलेल्या लोकांवर असे हल्ले झालेले आहेत.

किनाऱ्यावर केसाळ प्राणी हवाच असेल तर कोल्हा आहे. दिवसभर खाजणात नाहीतर सुरूच्या बनात लपतो आणि तिन्हीसांजेला पुळणीवर खेकडे शोधत फिरतो. पहाटे त्याच्या पावलांची रांग वाळूत लांबच लांब दिसते. खाड्यांमध्ये ऊद, म्हणजे पाणमांजर, आहे. कर्लीच्या खाडीत नशीब असेल तर कुटुंबच्या कुटुंब पोहताना दिसतं.

पण खरं घबाड पक्ष्यांत आहे. ऑक्टोबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत आपल्या पुळणी पाहुण्यांनी भरलेल्या असतात. कुरव, म्हणजे तुमचे सीगल, तिबेट आणि मध्य आशियातल्या तळ्यांवरून येतात, सँडरलिंग हे पुळणीवरचे छोटे पक्षी थेट आर्क्टिकमधून. तसेच छोटे सँड प्लव्हर लडाख-तिबेटच्या बाजूने. शिवाय कायमचे रहिवासी: ब्राह्मणी घार, समुद्री बगळा आणि सगळ्यांचा राजा काकण, म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड. अलास्काला जायची गरज खरंच नाही. गेलात तर आम्हालाही न्या.

दूरदेशी

मी मूळची मालगुंडची, सध्या सिअ‍ॅटलला. आम्ही ती अस्वलं बघून आलोय, म्हणून थोडं अवांतर लिहिते. हे व्हिडिओ बघून लोकांचा एक गैरसमज होतो की तिथे माणूस चालत अस्वलाजवळ जातो.

आम्ही अलास्कातल्या लेक क्लार्क उद्यानाच्या किनाऱ्यावर होतो. छोट्या विमानाने पुळणीवरच उतरवतात. त्या पट्ट्यात भरती-ओहोटीतला फरक प्रचंड असतो. अँकरेजला तर तो सरासरीच आठ-नऊ मीटर असतो. त्यामुळे ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो आणि अस्वलं रेझर क्लॅम नावाचे लांबट शिंपले खणायला येतात. गाइड काय करतो, तर आधी ओहोटीची वेळ बघतो, अस्वलं कुठल्या वाटेने खाली उतरतील याचा अंदाज घेतो आणि सगळ्यांना एका जागी, एकमेकांना चिकटून बसवतो. मग उठायचं नाही, पसरायचं नाही, कुजबुजण्यापलीकडे आवाज नाही. अस्वल स्वतःच्या कामाला येतं आणि तुमच्या समोरून निघून जातं. किती जवळून जायचं हे ते ठरवतं. शेजारच्या कॅटमाई उद्यानात तर अस्वलाच्या पन्नास यार्डांच्या आत स्वतःहून जाणं हा गुन्हा आहे.

अलास्कातल्याच मॅकनील नदीवर आणखी कडक. तिथे सोडत काढून परवाने देतात, धबधब्यावर दिवसाला दहाच माणसं, सोबत बंदूकधारी रक्षक. १९७३ पासून ही पद्धत आहे आणि तेव्हापासून तिथे अस्वलाने कुणाला इजा केलेली नाही. गंमत म्हणजे अस्वलांना रोज त्याच जागी, त्याच वेळी, तशीच बसलेली माणसं दिसतात, म्हणून ती माणसांकडे लक्षच देत नाहीत.

तिथल्याच चिसिक आणि डक बेटांपाशी बोटीतून पफिन नावाचे समुद्रपक्षी बघितले. रंगीत चोच, आखूड पंख, उडतात कसे याचंच नवल. बोट लांबच थांबवली होती. माझे निम्म्याहून जास्त फोटो नुसत्या लाटांचे आलेत.

खाजणवासी

दूरदेशी ताई, तुम्ही जे अवांतर म्हणून लिहिलंत तेच मुख्य आहे. सड्यावरचा, लेन्स वगैरे नंतर बघू. आधी कालनिर्णय काढा.

आमच्याकडचे जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा. ही वेळ दिवसा आणि रात्री दोन्हीकडे धरायची. पाच-पंचवीस मिनिटं इकडेतिकडे होतात, रत्नागिरीच्या आसपास तर फारच बरोबर बसतं. हल्ली मोबाइलवर तक्ते मिळतात, पण महिनाभर आधी सुट्टी ठरवताना तोंडी हिशोब बरा पडतो.

आता याचा फोटोशी संबंध. ओहोटीला पक्षी खाडीच्या मुखाशी उघड्या पडलेल्या चिखलावर पसरलेले असतात. तुमच्या ३०० काय, ६०० च्या लेन्समध्येही ठिपके. तुम्ही जवळ जायला लागलात की ते तेवढेच पुढे सरकतात. पण भरती चढायला लागली की पाणी त्यांना ढकलत ढकलत किनाऱ्याकडे आणतं. चिखल बुडत जातो, पक्षी मागे मागे येतात आणि शेवटी वाळूच्या एखाद्या उंच जिभेवर गोळा होऊन बसतात. तुम्ही त्या जिभेपासून थोडं लांब, भरतीच्या आधीच जाऊन पडून राहिलात तर पक्षी आपल्या पायांनी तुमच्याकडे चालत येतात. मी पोटावर पडलेलो असताना सँड प्लव्हर इतके जवळ आलेत की लेन्स फोकस करेना.

मग दिवस कोणता? आपला किनारा पश्चिमेचा, हे पुण्या-मुंबईचे फोटोवाले हमखास विसरतात. सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागे, डोंगरावर असतो आणि उजेड थेट पक्ष्यावर पडतो. संध्याकाळी सूर्य समुद्रावर, म्हणजे पक्ष्याच्या मागे. संध्याकाळी कुरवांच्या काळ्या सावल्या मिळतील, सोनेरी पाण्यावर त्या दिसतातही छान, पण पिसं दिसायची नाहीत. तेव्हा काम सकाळचं. थंडीत सूर्योदय सातच्या सुमाराला, त्यात मागे टेकडी नाहीतर सुरूचं बन असेल तर पुळणीवर ऊन पोचायला आणखी वेळ. नऊ-साडेनऊनंतर वाळू तापून हवा थरथरायला लागते आणि लांबचे फोटो पाण्यातून काढल्यासारखे येतात. म्हणजे हातात दोन-अडीच तास. या दोन-अडीच तासांत भरती चढती हवी. पाऊणपट लावून बघा: एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. दोन्ही पक्षांत या तिथ्यांना सकाळी सातला बसलात की पाणी तुमच्याकडे येत असतं. दशमी आणि त्रयोदशीही चालतील.

पुनवेच्या आसपास, सुट्टी आहे म्हणून गेलात तर सकाळी सहाला पाणी पार खाली. पुळण चालून चालून पाय दुखतील.

सड्यावरचा

काका, हे भन्नाट आहे! एवढी वर्षं आई एकादशीला उपास करते, माझा कधी उपयोग झाला नव्हता.

पण भरती-ओहोटीचा फरक सगळीकडे सारखा असतो का? मुंबईला तर उधाण आलं की बातमीच होते.

खाजणवासी

नाही. मुंबईला मोठ्या उधाणाला फरक चार मीटरच्या वर जातो, दक्षिणेकडे तो कमी कमी होत जातो. सिंधुदुर्गापर्यंत निम्म्यावर येतो. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, तेव्हा तर फारसं हलतच नाही. म्हणून मी सहाची भरती असली तरी अष्टमी सांगितली नाही. पुळण किती उतरती आहे यावरही आहेच. गुहागरची पुळण लांबलचक सरळ आहे, तिथे पक्षी विखुरतात. खाडीचं मुख असलेल्या जागा बघा. आंजर्ले, केळशी, भाट्ये, आचरा, देवबाग.

रापणकार

तुमचा सगळा वाचलंय. तिथीचा गणित बरोबर आसा, आमचे म्हातारे तसाच मोजीत. पण एक सांगतंय. पक्षी बघूचे असतीत तर रापण, म्हणजे कडेसून वडूचा मोठा जाळा, खय लागता ता इचारा. रापण वडूक लागली काय पयली घार येता, मगे कुरव, मगे बगळे, आणि शेवटाक कुत्रे आणि मुंबैकर. जाळा कडेक येयपर्यंत बराच येळ जाता, तवसर पक्षी वर घिरट्ये घालीत रवतत. कॅमेरो घेवन त्यांच्या मागसून धावाची काय गरज? एका बाजूक वाळयेत बसा. दोरयेत पाय घालू नकात आणि माशे वाटूक लागले काय मधे मधे येव नकात. दोरी वडूक हात लावल्यात तर वाटो पण गावतलो.

आयएसओ६४००

रापणकार दादा +१. तारकर्लीच्या बाजूला रापणीवर ब्राह्मणी घारीचे जे फोटो मिळाले ते कुठे मिळाले नाहीत. तांबूस अंग, पांढरं डोकं, पायात तडफडता मासा. आणि सकाळची रापण असेल तर उजेडही पाठीवर.

फुल्ल_फ्रेम

एवढं तिथी-नक्षत्र बघत बसायची गरज नाही. कुरवांचा थवा बसलेला असतो, एकाने पलीकडून पळत जायचं, सगळे एकदम उडतात. बर्स्ट मोडवर वीस फ्रेम. समोर पंखच पंख. माझ्या अशाच एका फोटोला ग्रुपवर सगळ्यात जास्त लाइक्स मिळालेत.

चिखल्या

हे वाचून डोकं फिरलं, तरी सभ्य भाषेत लिहितो. हे पक्षी इथे सहलीला आलेले नाहीत. हजारो किलोमीटर उडून आलेत आणि मार्च-एप्रिलमध्ये तेवढंच उडून परत जायचंय. त्याची चरबी याच चिखलातल्या किड्यांवर आणि याच माशांवर साठवायची असते. भरतीला जो थवा वाळूवर बसलेला दिसतो तो आराम करत असतो, कारण खायची जागा पाण्याखाली गेलेली असते. तेव्हा त्यांना उठवलं की खाणं शून्य आणि खर्च चालू. सकाळी तुम्ही, दुपारी पोरं, संध्याकाळी जीपवाले. प्रत्येकाला वाटतं आपण एकदाच उडवलं.

शिवाय फोटो म्हणूनही तो वाईटच असतो. सगळे पक्षी तुमच्याकडे पाठ करून पळत असतात. मुद्दाम उडवलेला थवा अनुभवी माणूस लगेच ओळखतो. आपणहून उडणारा थवा वाऱ्याच्या तोंडावर उठतो. वारा तुमच्या पाठीमागून असेल तर पक्षी उठताना तोंड तुमच्याकडे करतात. सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो तेव्हा हे आपोआप जमतं. त्यासाठी पळायला लागत नाही.

फुल्ल_फ्रेम

ठीक आहे, एवढं भडकायला नको. रोज शेकडो पर्यटक हेच करतात, त्यांना कोण बोलत नाही. फोटोवाला दिसला की सगळे धावून येतात. मतलई वाऱ्याचं मात्र माहीत नव्हतं, बघतो.

केळशीची माई

फुल्ल_फ्रेम, तुमची एक बाजू खरी आहे. फोटोवाले आले तर निदान पक्ष्यांची नावं तरी विचारतात. आमच्या पुळणीवर शनिवार-रविवारी गाड्या उतरतात, गोल गोल फिरवतात, त्यांना वाळूत काय आहे याचं सोयरसुतक नसतं. ज्या वाळूवरून चाकं जातात तिथेच फेब्रुवारी-मार्चमध्ये कासवाची घरटी असतात. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्रच्या लोकांनी २००२ पासून काम उभं केलं, मग आंजर्ले, केळशी, गुहागर असं पसरत गेलं. पूर्वी अंडी माणसं न्यायची, आता तो प्रकार बराच थांबलाय, राहिले कोल्हे आणि मोकाट कुत्रे. कोल्ह्याला मी दोष देत नाही, तो इथलाच. कुत्रे आपण वाढवलेत.

पिल्लं समुद्रात सोडताना फोटो काढायचे तर फ्लॅश आणि मोबाइलची बॅटरी बंद. पिल्लू उजेडाच्या दिशेने चालतं, तुम्ही बॅटरी मारलीत तर ते तुमच्याकडे येणार.

बाकी काकणाचं कुणी विचारलं नाही म्हणून सांगते. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, आमच्याकडची सुरूची आणि आंब्याची जुनी झाडं आडवी झाली. काकण उंच आणि जुनंच झाड बघतो, त्याच घरट्यावर दरवर्षी काटक्या रचत जातो. उरलेल्या मोठ्या झाडांवर आता सगळ्यांचाच डोळा.

सड्यावरचा

माई, तुमच्याकडे सध्या घरटं आहे का? आईबापांपैकी कुणी समुद्रसाप घेऊन येताना फोटो मिळाला तर काय बहार येईल. जागा व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलीत तरी चालेल.

केळशीची माई

आहे. सांगणार नाही. राग मानू नका.

आयएसओ६४००

माई, हे जरा जास्त होतंय असं माझं प्रामाणिक मत. धागाकर्ता शिकायला बघतोय. जागा लपवून ठेवल्या तर नवीन माणूस तयार कसा होणार? आणि गावात सगळ्यांना माहीत असतंच, रिक्षावाला सुद्धा दाखवतो.

चिखल्या

मी माईंच्या बाजूने. काकण घरट्यावर बुजतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जोडी घरटं सावरत असताना खाली माणसांची वर्दळ सुरू झाली तर त्या वर्षीचा प्रयत्न सोडूनही देतो. अंडी-पिल्लांच्या वेळी आई उठून गेली की ऊन आणि कावळे. आणि कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, १९७२ च्या, तीत पक्ष्याच्या घरट्याला किंवा अंड्यांना त्रास देणं हेही शिकारच. म्हणजे ड्रोन घेऊन घरट्यात डोकावणारा आणि बंदूकवाला एकाच कलमात. हे आपल्या फोटोवाल्यांना सांगितलं की खोटं वाटतं.

नवीन माणसाने काकण उडताना टिपावा. खाडीच्या मुखाशी सकाळी बसलं की तो येतोच. पिलू तपकिरी असतं, पूर्ण पांढरं-राखाडी व्हायला चार-पाच वर्षं लागतात, त्यामुळे वेगवेगळ्या वयाचे टिपण्यातच मजा आहे.

खाजणवासी

माझं मत मधलं. गावातल्या माणसाला सोबत घेऊन, लांबून, पाच मिनिटं बघून परत फिरणं यात मला वावगं वाटत नाही. त्रास होतो तो फोटो फेसबुकवर टाकताना खाली गावाचं नाव लिहिलं की. पुढच्या रविवारी चार गाड्या. मोबाइलने काढलेल्या फोटोच्या पोटात ठिकाण लिहिलेलं असतं, तेही काढून टाकायला हवं. पिल्लं उडून गेल्यावर, पावसाळ्यात टाका ना फोटो. कोण मरतंय?

आयएसओ६४००

हे पटलं. पावसाळ्यात टाकायचं.

दूरदेशी

इथे कुरवांना खायला घालण्याचा विषय आला नाही. मागच्या भेटीत मांडव्याच्या बोटीवर बघितलं, लोक शेव आणि कुरकुरे हवेत फेकत होते आणि सगळे फोटो काढत होते. मला तर धक्काच बसला.

चिखल्या

मीठ आणि तेल, दुसरं काय. पोट भरल्यासारखं वाटतं आणि अंगी काही लागत नाही. हातातून खाणाऱ्या कुरवाचा फोटो कितीही जवळून आला तरी त्याच्या मागे बोटीचा कठडा आणि कुणाची तरी टोपी असते.

रापणकार

शेव घालणारे वेगळे. पण आमच्या होडयेवाल्यांका पण तुमी नावा ठेवतात, घारीक माशे टाकतत म्हणान. तेंचा पण ऐका. पर्यटक येता, म्हणता घार जवळ बोलव, शंभर रुपये जास्त देतंय. नाय म्हटला तर तो बाजूच्या होडयेत जाता. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, मगे नारळी पुनवेपर्यंत दर्या खवळलेलो. सहा म्हयन्यात वर्षाचा कमवचा. तुमी फोटोवाल्यांनी सांगल्यात काय "माशे टाकू नको, नुसती होडी बंद करून रव, तेचेच पैशे देतंव," तर तो आनंदान रवतलो. माझो झिल तसाच करता. डिझेल पण वाचता.

चिखल्या

दादा, हे मी पुढच्या वेळी नक्की करणार. इंजिन बंद करून वाहत राहणाऱ्या होडीतून पक्षी जास्त जवळून मिळतात हा माझाही अनुभव आहे. डॉल्फिनच्या बाबतीत तर दुप्पट खरं.

आयएसओ६४००

आता धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाकडे. ३०० वर सुरुवात निश्चित होते, क्रॉपवर साडेचारशेच्या आसपास पल्ला मिळतो. वर खाजणवासींनी सांगितलंय तसं पडून राहिलात तर सँड प्लव्हर, सँडरलिंग आणि कुरव यांना तेवढं पुरतं. काकण आणि सुरय (टर्न) यांना कमी पडेल. पैसे असतील तर १५०-६०० घ्या, पण तो हातात धरून बोटीवर चालवणं म्हणजे व्यायाम आहे.

उडत्या सुरयाला शटर दोन हजाराच्या (म्हणजे सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाच्या) पुढे ठेवा, कुरवाला सोळाशेवर भागतं. घार तरंगत असेल तर हजारही चालतो. मी मॅन्युअलवर शटर आणि ॲपर्चर बांधून ठेवतो. कारण पांढरा कुरव निळ्या आकाशातून काळ्या खडकासमोर येतो तेव्हा कॅमेऱ्याचा प्रकाशमापक गोंधळतो आणि पांढरी पिसं जळून जातात. सकाळी एकदा पांढऱ्या पक्ष्यावर माप घ्यायचं, हिस्टोग्रामची (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाची) उजवी कड बघायची आणि ऊन बदलेपर्यंत हात लावायचा नाही. ऊन बदललं की पुन्हा.

खाली झोपून काढायचे फोटो हेच किनाऱ्यावरचं खरं सुख. त्यासाठी तिपाई नको, जुना फ्राइंग पॅन घ्या, मधोमध भोक पाडून बोल्टने बॉलहेड (कॅमेरा हवा तसा वळवायचा गोल सांधा) बसवा. वाळूवर सरकवत नेता येतो आणि कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर राहतो. घरच्यांना विचारून घ्या, आमच्याकडे यावरून वाद झालाय.

मीठ आणि वाळू यांच्याबद्दल थोडं सविस्तर, कारण खर्च तिथे होतो. पुळणीवर लेन्स बदलायची नाही, काही झालं तरी. घरी आल्यावर आधी ब्लोअरने वाळू उडवायची, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बॉडी आणि लेन्सची नळी पुसायची. कोरडं फडकं आधी फिरवलं तर मिठाचे कण घासले जातात. काचेला सगळ्यात शेवटी हात. कोकणात राहणाऱ्यांना बुरशीचा शाप आहेच. आर्द्रता दाखवणारं कपाट परवडत नसेल तर हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये ठेवायचा. तांदळात कॅमेरा पुरून ठेवणाऱ्यांनी कृपया तांदूळ खावेत.

सड्यावरचा

सगळ्यांचे आभार. फ्राइंग पॅनचा विषय आज रात्री घरात मांडतो. आणखी एक. पावसाळ्यात काही मिळतं का? मी गणपतीला दहा दिवस गावी असतो.

चिखल्या

पुळणीवर फारसं नाही, पण जून ते ऑगस्ट हा खऱ्या अर्थाने खोल समुद्रातल्या पक्ष्यांचा काळ आहे. विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल अंटार्क्टिकाकडे प्रजनन करून याच काळात अरबी समुद्रात असतो. बूबी, नॉडी, शीअरवॉटर, फ्रिगेटबर्ड. यांना किनाऱ्यावर यायचंच नसतं. जोराचं वादळ झालं की थकून पुळणीवर पडलेले सापडतात. असा पक्षी सापडला तर कृपा करून त्याला परत लाटेत सोडू नका, लोक भल्याच्या हेतूने तेच करतात. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा. तोंडात पाणी ओतू नका. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आणि बूबीची चोच डोळ्यांपासून लांब धरा.

वेंगुर्ला रॉक्सबद्दल कुणी विचारायच्या आत लिहितो. दीपगृहाच्या त्या खडकांवर पाकोळ्यांची गुहा आहे, सुरयही घरटी करतात. ॲलन ह्यूम, तेच काँग्रेसवाले, १८७५ मध्ये लक्षद्वीपच्या सफरीवर असताना तिथे येऊन गेले होते. पाकोळीच्या घरट्यांची तस्करी झाली, मग राखण ठेवावी लागली. तिथे उतरायचं नाही. बोटीतून, लांबून.

केळशीची माई

गणपतीत येणार असाल तर कॅमेरा घरी ठेवा आणि आरतीला या. एकादशी नंतर कितीतरी आहेत.

सड्यावरचा

धागा वर काढतोय. कार्तिकातल्या द्वादशीला आंजर्ल्याच्या खाडीवर जाऊन आलो. लेन्स तीच, ३०० ची. पाणी खरंच पक्ष्यांना घेऊन आलं. दोन फोटो टाकतोय, ओळख पटवा. पहिल्यात पांढऱ्या डोक्याचा कुरव, डोळ्यामागे काळा ठिपका, चोच लालसर आणि टोकाला काळी. मला वाटलं ब्लॅक-हेडेड. दुसऱ्यात वाळूवरचे छोटे राखाडी पक्षी लाटेच्या मागे पळतायत.

चिखल्या

दुसरा सोपा: सँडरलिंग. लाटेबरोबर पुढेमागे पळण्याची ती सवयच सांगते, आणि थंडीत इतका फिकट दुसरा कुणी नसतो. फोकस डोळ्यावर मस्त बसलाय.

पहिल्यात डोक्यावर जाऊ नका. थंडीत दोघांचंही डोकं पांढरं आणि ठिपका सारखाच, काळं-तपकिरी डोकं मार्चनंतर येतं. पंखाचं टोक बघा. तपकिरी डोक्याच्या कुरवाला काळ्या टोकात पांढरे गोल ठिपके असतात आणि डोळा फिकट. काळ्या डोक्याच्याला पंखाच्या पुढच्या कडेला लांब पांढरी पट्टी आणि डोळा काळाभोर. तुमच्या फोटोत पंख मिटलेला आहे, पण डोळा मला फिकट वाटतोय, म्हणून तपकिरी. पंख उघडलेली फ्रेम असेल तर तीही टाका, मग नक्की सांगतो. आणि फोटो जरा मोठ्या आकारात टाका हो, चष्मा लावूनही दिसत नाही.